दहावा हात

निपाणीजवळच्या त्या छोट्या नगरपालिकेत नगराध्यक्षाची निवड चार दिवसांवर आली, तसे तम्मण्णांनी आपले दहाही नगरसेवक गोव्याच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले. विरोधकांकडे नऊ होते, म्हणून गाडीत बसतानाच प्रत्येकाचा मोबाइल तम्मण्णांच्या पिशवीत गेला.

त्या दहांतल्या सिद्धेशचा पाय घरातून निघत नव्हता. त्याची आई बायाक्का आठवडाभर अंथरुणाला खिळली होती, पण जीभ शाबूत होती. "पलीकडं कागलात नगराध्यक्ष लोकच निवडत्यात. हितं तुमास्नी कोंबड्यागत डालून ठेवत्यात. जा, पर लवकर ये रं."

रिसॉर्टवर तो रोज संध्याकाळी विचारायचा, "अण्णा, आईचं काय कळलं?"

शेवटच्या संध्याकाळीही तम्मण्णा हसून म्हणाले, "आत्ताच बोललो की घरी. वाटीभर पेज प्याली म्हणं. तुला शिव्या घालतीया."

सिद्धेशही हसला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बस थेट सभागृहाच्या दाराशी लागली. हात वर करून मतदान झालं. दहावा हात सिद्धेशचा होता. तम्मण्णांचा माणूस नगराध्यक्ष झाला आणि बाहेर हलगी कडाडली. सिद्धेश गर्दीतून घराकडं वाट काढू लागला, तर एका कार्यकर्त्यानं त्याला अडवून मूठभर गुलाल कपाळाकडं नेला. तम्मण्णांनी मागून त्याचं मनगट धरलं.

"त्याला लावू नगंस रं. परवापासनं सुतक हाय त्याला."