मोकळं

सुरुंगाचा दुसरा भोंगा वाजून गेला आणि नेमका तेव्हाच ससाणा आला. पंजांत काहीतरी धरून तो समोरच्या कड्यातल्या कपारीत शिरला आणि लगेच बाहेर पडला. पंजे रिकामे होते.

चिमणीताईनं ते दुर्बिणीतून पाहिलं. आत पिल्लं होती. आणि कपार रिकामी असल्याचं तिनंच काल छातीठोकपणे सांगितलं होतं.

रस्त्याच्या कामात प्राणी-पक्ष्यांची काळजी वाहायला कंपनीनं तिला नेमलं होतं; टोपणनाव कामगारांनी ठेवलेलं. साहेबांना वाटायचं, ही पाखरांना सामील. पाखरांमागे फिरणारे तिचे जुने मित्र म्हणायचे, ही कंपनीला विकली गेली. दोन्हीकडची बोलणी खाऊन तिनं एकच गोष्ट जपली होती. स्फोटाआधी प्रत्येकानं आपापली बाजू पाहून 'मोकळं' म्हणायचं, आणि शेवटचा शब्द तिचा. तो आजवर खोटा पडला नव्हता.

कड्यात दारू ठासून झाली होती. आता थांबायचं म्हणजे भरलेली भोकं दोराला लटकून हातानं उपसायची. ते काम सुरुंगवाल्याचं. असंच एक भोक उपसताना त्याच्या भावाचे दोन्ही हात गेले होते.

सुरुंगवाला पेटीच्या बटणावर अंगठा ठेवून तिच्या शेजारीच उभा होता. खालून पहारेकरी ओरडला, मोकळं. मशीनवाले म्हणाले, मोकळं. मग सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"ताई?" सुरुंगवाल्यानं विचारलं.

कपारीकडे बघायचं चिमणीताईनं टाळलं. त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, नखात माती भरलेली होती.

"मोकळं," ती म्हणाली.

तिसरा भोंगा झाला. पायाखालची जमीन हादरली आणि कडा जागच्या जागी खाली बसला. धुरळ्यात कुणीतरी खुशीत शिट्टी मारली. ती दुर्बीण डब्यात घालू लागली, तर झाकण काही केल्या लागेना. तिला स्वतःची किळस आली होती, आणि सुरुंगवाल्याचे हात शाबूत पाहून बरंही वाटत होतं.

सुरुंगवाला तारा गुंडाळत जवळ आला.

"मलाही दिसला होता तो ससाणा," तो हळूच म्हणाला. "उपकार झाले तुमचे."

तो तारा गुंडाळतच राहिला. मग वर न बघता म्हणाला, "पण ताई, उद्या तुम्ही मोकळं म्हणालात, तर मी काय समजायचं?"