आमेनचे आकडे

लेसिएलीनं ओलं फडकं पिळलं आणि मागे सरून हॉलमधल्या फळ्याकडे पाहिलं. कसा लख्ख दिसत होता! मग रंगीत खडूनं तिनं त्यावर जास्वंदीची फुलं काढली आणि मधोमध लिहिलं, ‘या, प्रभूच्या घरी या.’ कडेवरची तान्ही लेक सेपी फुलांकडे बघून हसली.

तेवढ्यात लेसिएलीची नणंद फिफिता आत आली आणि कोनफळांची टोपली तिनं दारातच टाकली.

“वहिनी! गाणं कुठाय?”

“कुठलं?”

“फळ्यावरचं! आजचं!”

लेसिएलीनं टाकलेल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. दुपारी नव्या चर्चचं उद्घाटन. त्यासाठी म्हाताऱ्या तानिएलांनी बांधलेलं गीत याच फळ्यावर होतं. आकड्यांत मांडलेले सूर, सा ते नी म्हणजे तीनपासून नऊपर्यंत. चार आवाजांच्या चार ओळी. कागदावर कुठेच नाही. गाणं फळ्यावर लिहायचं आणि फळ्याकडे बघूनच म्हणायचं, ही इथली रीत; त्यामुळे पाठ कुणालाच नव्हतं. आणि हॉल झाडता-पुसता, तेच गाणं गुणगुणत, तिनं ते पुसून टाकलं होतं.

“नर्सिंग अर्धं सोडलंस, बेकरी अर्धी सोडलीस,” फिफिता म्हणाली. “गाण्यात तरी एका जागी बसलीस का कधी? आज या बायकांत, उद्या त्या बायकांत. आणि आता हे!”

खोटं काय होतं त्यात? या गाण्याच्या वर्षभराच्या सरावात, वरच्या आवाजात मैत्रीण होती म्हणून ती आधी तिथं बसली. दुसऱ्या आवाजाच्या डोक्यावर पंखा होता म्हणून मग तिकडे. तिसऱ्यात माणसं कमी पडली म्हणून तिथं. आणि सेपी झाल्यावर थेट खर्जातल्या पुरुषांच्या पाठीमागे, कारण त्या घुमण्यात पोर पटकन झोपायची. ‘देवानं प्रत्येकाला कशासाठी तरी हाक मारलीय,’ असं चर्चचे पाळक म्हणायचे. लेसिएलीला वाटायचं, माझी हाक वाटेतच कुठंतरी राहिली असणार.

तानिएला आले. कमरेला समारंभात नेसायची नवी चटई गुंडाळलेली, हातात ताल धरायची छडी. फळ्यावरच्या फुलांवरून त्यांनी छडीचं टोक फिरवलं.

“फुलं छान आहेत,” म्हणाले, आणि बाकावर बसले.

“आजोबा, तुम्हीच बांधलंय ना? मग लिहा की परत!” फिफिता म्हणाली.

“अगं, डोक्यात होतं तोवर डोकं जड होतं. फळ्यावर उतरवलं, हलकं झालं. आता वरची ओळ तेवढी आठवतेय. बाकीच्या तिघी गेल्या.”

गाणारे जमू लागले. हातपंख्यांनी वारा घेत बायका आल्या, कावाच्या मुळ्यांचं पेय पिऊन पुरुष आले. जो येई तो फळा बघून कपाळाला हात लावी.

“जुनंच एखादं म्हणू,” कुणीतरी म्हणालं.

“नव्या घरात जुनं गाणं? शेजारचं गाव वर्षभर हसेल!”

लेसिएलीनं डोळे मिटले. ‘प्रभू, एवढं एक तरी माझ्याकडून पुरं करून घे.’ तिनं फुलं पुसली आणि खडू उचलला.

पहिली ओळ उतरली. दुसरी लिहिताना मान आपोआप पंख्याच्या बाजूला कलली. तिसरीला पाय ताल धरू लागला. चौथीला मात्र हात अडला. तिनं सेपीच्या डोक्यावर गाल टेकला, तिला थोपटल्यासारखं हलकं हुंकारली, आणि खर्जाचे आकडे एकामागून एक येऊ लागले. पाठीमागे पुरुषांनी ते सुरात उचलले.

“बरोबर! अगदी बरोबर!” तिचा नवरा लोपेती ओरडला. “अगं, हळू, खडू मोडेल!”

मोडलाच. कुणीतरी दुसरा दिला. ती थांबली ती थेट आमेन लिहून.

तानिएला उठले. ओळींवरून बोट फिरवत शेवटाजवळ आले आणि थबकले.

“इथपर्यंत माझं,” ते म्हणाले. “हे पुढचं कुणाचं?”

“आमेन? तुमचंच ना?”

“आमेन मी लिहिलंच नव्हतं, पोरी. सुचतच नव्हतं. प्रार्थना करून करून गुडघे सोलले माझे. ती जागा कोरी होती.”

सगळ्यांच्या माना फळ्याच्या शेवटच्या ओळीकडे वळल्या.

“म्हणजे... मी चुकले?”

म्हाताऱ्यानं ते आकडे हळू आवाजात म्हणून पाहिले. पुन्हा एकदा म्हणाले. मग डोळे पुसत छताकडे बघून हसले.

“वा रे देवा! मागायचं मी, आणि द्यायचं हिच्या हातात. निदान मला कळवायचं तरी!”

सगळे खो-खो हसले. तानिएलांनी छडी तिच्यापुढे धरली.

“हे कसं न्यायचं ते मला काय ठाऊक? तूच ने.”

लेसिएली मागे सरली. फिफितानं काही न विचारता हात पुढे केले आणि सेपीला घेतलं.

“जा,” ती म्हणाली. “भीती वाटली तरी जा.”

गाणारे उभे राहिले. आज कुणीच फळ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर तिच्या हातावर होती. तिनं छडी उचलली.

तिनं श्वास घेतला. तिच्याबरोबर सगळ्यांनी घेतला.