नित्याची तयारी

नातीचा गणवेश, बूट, डबा सगळं मे महिन्यातच आलं, तरी सून श्रीविद्याच्या जिवाला चैन नव्हतं.

"नित्याला नुसती मराठी येते. इथं तंजावूरच्या शाळेत ती मिसला काय सांगणार? आजपासून घरात फक्त तमिळ. आजी, तुम्हीसुद्धा!"

महिनाभर मीही जीभ आवरली.

पहिल्या दिवशी शाळा सुटायच्या तासभर आधीच आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. नित्या हसतच बाहेर आली.

"मिसनी माझं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, 'तू आपलीच का गे?'"

"मग काय म्हणालीस?" सुनेनं घाईघाईनं विचारलं.

नित्या ऐटीत तमिळमध्ये म्हणाली, "मी सांगितलं, आमच्या घरी मराठी बोलत नाहीत."