समोरचा कोपरा

आयोवातल्या त्या गावात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला पक्षाची माणसं शाळेच्या व्यायामशाळेत जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहत. लव्हॉनच्या कोपऱ्याला एकच माणूस कमी पडत होता. तो मिळाला नाही तर कोपराच बाद. तेवढ्यात तिचा नवरा ऑर्लिन गाडी लावून आला. हिवाळाभर त्याने तिच्यासोबत बर्फ तुडवत याच कोपऱ्याच्या उमेदवार बाईंचा प्रचार केला होता. पण तो मान खाली घालून समोरच्या कोपऱ्यात गेला. “अरे, इकडे!” “बाई भल्या आहेत गं, पण नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत हरतील. पक्ष जिंकायला हवा.” “दारोदार फिरलास कशाला?” “तू एकटी पडली असतीस.” “आणि आता?” वेळ संपली, कोपरा मोडला; त्यातली माणसं दुसऱ्या कोपऱ्यांकडे वळली. “ये, लव्हॉन, नवऱ्याशेजारी जागा आहे!” कुणीतरी हसलं. त्याच्यापाशी जाऊन तिने हात पुढे केला. “चावी दे. तुला तुझा पक्ष पोचवेल घरी.”