दोन मिनिटांचा माइक

“माइक हनुवटीखाली धरजो. मागच्यासारखा तोंडात नको कोंबू,” देवरावांनी पुन्हा एकदा बजावलं. “आन् पाय काहून हलवून राहिली?”

“मी नाही, बाबा. तुम्हीच हलवून राहिले,” दीक्षा म्हणाली.

देवरावांनी खाली पाहिलं. खरंच की, पाय त्यांचाच होता. त्या पायापायी प्लास्टिकची खुर्ची करकरत होती आणि पुढच्या रांगेतले लोक वळून वळून पाहत होते.

बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यात सकाळची वंदना होऊन बराच वेळ झाला होता. एकेक उमेदवार स्टेजवर चढत होता, दोन मिनिटांत नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा सांगून उतरत होता. दीक्षाचा हा चौथा मेळावा. आधीच्या तिन्हींत तिने माती खाल्ली होती. एकदा ती स्वतःचं शिक्षणच विसरली. एकदा ‘सर्वांना जयभीम’ म्हणून जी गप्प झाली, ती खाली उतरेपर्यंत गप्पच. पोरगी एकतिशीला टेकली होती. यंदा नाही जमलं तर मग कधी, या घोराने देवरावांची झोप उडाली होती.

गंमत म्हणजे हीच पोरगी मिहानच्या आयटी पार्कमधल्या तिच्या कंपनीत परदेशी साहेबांपुढे फाडफाड बोलायची. ऑफिसचं बोलणं वेगळं आणि लग्नाचं वेगळं, अशी देवरावांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. शिवाय शिकवायला घरातच मास्तर होता. त्यांची उभी हयात एका बियाणे कंपनीत गेली. पारावर, बाजारात, कुणाच्या लग्नात, जिथे चार माणसं दिसतील तिथे उभं राहून त्यांनी माल खपवला होता. महिनाभर प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी तालीम चालली. पहिलं वाक्य तोंडपाठ पाहिजे. नजर शेवटच्या रांगेवर पाहिजे. आणि मालातली खोट आधी आपणच सांगून टाकायची, म्हणजे पुढे गुण सांगितले की लोकांना खरे वाटतात.

“मी काय तुरीचं बियाणं आहो का, बाबा?” दीक्षा हसायची. मग थांबून विचारायची, “पण हे कोणालेही लागू पडते ना?”

“कोणालेही,” देवराव छाती फुगवून म्हणायचे.

नाव पुकारलं गेलं. दीक्षा स्टेजवर चढली. देवराव खुर्चीच्या अगदी कडेला सरकले.

“सर्वांना सप्रेम जयभीम!” आवाज खणखणीत होता. माइक हनुवटीखाली होता. देवरावांच्या जिवात जीव आला.

“आधी खोट सांगते,” दीक्षा म्हणाली. “स्थळ घोरतं. दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. स्वयंपाक करतं, पण भाजीत मीठ दोनदा पडतं.”

सभागृह खदखदून हसलं. देवरावही हसले. वा, सुरुवात असावी तर अशी! पण ही कधीपासून घोरायला लागली?

“आता गुण. निर्व्यसनी आहे. राहायला स्वतःचा फ्लॅट आहे. आणि स्थळ भारी बोलकं. घरात बोलायला कोणी नसलं, की क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या पोरींशी अर्धा अर्धा तास गप्पा मारतं. लाइट गेली की खूश होतं, कारण तेवढ्यापुरते शेजारी गॅलरीत येतात. माझी आई जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून विचारलं, की एकच उत्तर, ‘मले काय होते? मी मजेत आहो.’ स्थळाचं नाव देवराव गजभिये. वय एकसष्ट. ते काय, निळा सदरा घालून बसलेत.”

सगळ्या माना वळल्या. देवरावांचे कान तापले. असा संताप आला, की स्टेजवर जावं, माइक हिसकावावा आणि पोरीला हाताला धरून घरी न्यावं. ते उठलेही. पण पोरीचं एक अक्षरही खोटं नव्हतं. आपण फार एकटे पडलोय, हे त्यांनी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, डोळे भरून आले तरी.

सूत्रसंचालन करणाऱ्या मायाताई लगबगीने पुढे आल्या. दीक्षाचे आधीचे तिन्ही मेळावे त्यांनीच चालवले होते.

“अवं, पण पुनर्विवाहाचा गट जेवणानंतर आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “आन् इतकं मस्त बोलता येते तुले, तर मागच्या खेपेले अडखळत काहून होती वं?”

दीक्षाने माइक खाली केला. तरी ती बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“अडखळली नसती, तर पसंत पडली असती ना, ताई. मंग बाबांपाशी कोण राहिलं असतं?”