नारिंगी पिंपं

मुळशी धरणाच्या काठी इंद्रजितशेठनं पाहुण्यांसाठी तंबू ठोकले होते. पोहताना कुणाला दम लागला तर धरायला म्हणून प्लास्टिकची निळी पिंपं दोरीनं बांधून पाण्यात सोडलेली. पण निळ्या पाण्यात निळी पिंपं फोटोत उठून दिसत नाहीत, म्हणून शेठनं ती अन्वर पेंटरकडून नारिंगी करून घेतली.

"शेठ, प्लास्टिकवर रंग लवकर वाळत न्हाई. ओल्या रंगावरनं हात निसटतो. दोन दिस उनात ऱ्हाऊ द्या."

"पावणे आज यायचेत, अन्वरभाई. आन् पिंपाला मिठी मारायला कोण बसलंय?"

शेठ हसले. अन्वरही हसला. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, ही धंद्याची रीत.

संध्याकाळी अन्वर थिनरनं हातावरचा रंग काढत बसला होता, तेवढ्यात काठावर ओरडा झाला. एक तरुण पाहुणा बुडाला होता. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

"पिंपापातुर पोचलाच न्हाई बगा," शेठ जमलेल्यांना सांगत होते. "नुसता हात लावला असता, तरी वाचला असता."

सगळ्यांनी माना हलवल्या. अन्वर प्रेतावर चादर ओढायला वाकला. बाहेर राहिलेला हात त्यानं उचलून आत घेतला. तळवा नारिंगी होता. दुसराही. नखांतसुद्धा रंग भरला होता.

त्यानं वर पाहिलं. शेठनीही ते पाहिलं होतं. ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले,

"अन्वरभाई, थिनर उरलंय का?"