पुरा आकडा

"बारा रुपये द्या, वासुदेवराव. पहिल्या तारखेला न चुकता परत करतो."

वासुदेवरावांना हसू आलं. हेच वाक्य घेऊन ते स्वतः अकरा वर्षं दारोदार हिंडले होते. 'न चुकता'सकट.

रविवारची सकाळ होती. डहाणूच्या शाळेच्या पडवीतली बैठक नुकतीच उठली होती. बैठक कसली, तीन माणसं. कचेरीतले कारकून वासुदेवराव, कोसबाडचे श्यामकांत गुरुजी आणि सायवनचा लाहू, रेल्वेतला गँगमन. तिघांना एकच खोड. गरज असो नसो, समोर दिसेल त्याच्याकडे उसने मागायचे, एकाचे घेऊन दुसऱ्याचं तोंड बंद करायचं. आता ही खोड मोडायला ते दर रविवारी जमत. आपलं एकूण देणं प्रत्येक जण मोठ्याने सांगे, आणि आठवड्यात कुणाकडे मागावंसं वाटलं का, तेही. "घेतलं नाय. वाटलं पण दोनदा," असं लाहू आज म्हणाला, तेव्हा गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

आज चौथा आला होता. मोहन, स्टेशनवरचा पार्सल क्लार्क. तिशीच्या आतला, इस्त्रीच्या कॉलरचा. "माझं काय, किरकोळ आहे," एवढंच तो बैठकीत म्हणाला. आणि आता बाकीचे पांगल्यावर त्याने वासुदेवरावांना फाटकाशी गाठलं होतं.

"कशाला हवेत बारा रुपये?"

मोहनने इकडेतिकडे पाहिलं. "मेहुण्याची सायकल. दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवून गेला होता. मी ती गहाण टाकली. आज संध्याकाळच्या गाडीने तो न्यायला येतोय. माझ्या बायकोला, प्रभाला सांगून ठेवलंय, दुरुस्तीला दिलीय म्हणून."

"आम्ही एकमेकांना पैसे देत नाही. तसं ठरलंय आमचं."

"मग या बैठकीचा उपयोग काय?" मोहनचा आवाज चढला. "मला वाटलं, तुम्हाला तरी कळेल."

"कळतं म्हणूनच देत नाही. पैसे नाही, पण मी तुमच्याबरोबर घरी येतो."

"घरी? कशाला?"

"तुम्ही वहिनींना सांगायचं. मी नुसता शेजारी उभा राहीन. माझ्या वेळी गुरुजी आले होते."

रेल्वेच्या चाळीपर्यंत दोन मैल चालायचं होतं. मोहन वाटेत दोनदा थांबला. एकदा म्हणाला, "उद्या सांगतो, नक्की." वासुदेवरावांनी वाद घातला नाही. एका ताडाच्या अरुंद सावलीत ते उभे राहिले, आणि मोहन पुन्हा चालू लागेपर्यंत रुमालाने मान पुसत राहिले.

"मी तर खाडीच्या पुलावर बसकणच मारली होती," ते थोड्या वेळाने म्हणाले. "गुरुजी तासभर बसले माझ्याजवळ. एक शब्द बोलले नाहीत."

"मग?"

"मग भूक लागली. उठलो."

प्रभा दारात तांदूळ निवडत बसली होती. पाहुणा बघून तिने पदर सावरला. "या ना. चहा टाकते."

"चहा मागाहून, वहिनी. मोहनरावांना काही सांगायचंय."

मोहनने आधी सायकलचं सांगितलं. मग जमिनीकडे बघत एकेक नाव घेतलं. स्टेशनवरचा हमाल, कापडवाले शेठ, ऑफिसातले दोघे, वाणी, टांगेवाला. टांगेवाल्याचं नाव ऐकून प्रभाने सूप खाली ठेवलं.

"एकूण?" वासुदेवरावांनी हळूच विचारलं.

मोहनचे ओठ हलले. बराच वेळ तो मनात हिशेब करत राहिला.

"आठशे चाळीस," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. ही बेरीज त्याने आजवर केलीच नव्हती.

प्रभा उठली. आत गेली. भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मोहन दाराची चौकट धरून उभा होता. निघून जावंसं वाटतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वासुदेवराव फक्त थोडे जवळ सरकले.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा.

"त्यात माझे पंचावन्न धरा."

"तुझे?"

"शेजारच्या यमुनाबाईंचे. वीस तारीख उलटली की मागते. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांना शपथ घातली होती."

मोहन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो हसायला लागला. डोळे भरून आलेले आणि हसतोय. "तू पण?" तो म्हणाला. प्रभाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. त्या फार वेळ टिकल्या नाहीत.

"दादाला सायकलचं मी सांगते," ती म्हणाली. "चिडेल. चिडू दे. पगार झाला की आपण दोघं जाऊन सोडवून आणू."

चहा झाला. तिघांनी मिळून घेतला, जरा जास्त साखरेचा. वासुदेवराव चपला घालायला लागले तेव्हा प्रभा ओले हात पुसत उंबऱ्यापर्यंत आली.

"भाऊ, तुमच्या त्या बैठकीत बायका चालतात का?"

वासुदेवराव एक चप्पल हातात धरून थबकले. हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"येताना चटई घेऊन या," ते म्हणाले. "आमची तिघांपुरतीच आहे."